कोलारहून आणलेला केर

माझे सासरे कोंडीबा, धंद्यानं झारेकरी. सोलापुरात सराफांच्या दुकानांपुढचा केर झाडून आणायचा, परातीत धुवायचा आणि त्यात पडलेले सोन्याचे कण वेगळे काढायचे. चाळीस वर्षं माणूस खाली बघूनच चाललाय. रस्त्यात भेटले तर मला चपलांवरून ओळखतात.

अशा माणसाला सुट्टीत न्यायचं कुठं? माझ्या नवऱ्याला, शिवराजला सुचलं, कोलार. इंग्रजांच्या काळात सोन्यापायी जिथं माणसं लोटली होती, ती खाण वडिलांना दाखवायची. खाण कधीच बंद पडलीय, हे साहेबांना तिथं पोचल्यावर कळलं. आम्ही बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, केर झाडायचा कुंचा घेतला होता.

बघितलं काय, तर गंजलेला मनोरा, कुलूपबंद फाटक आणि खाणीतल्या मातीचे डोंगर. "आबा, वर बघा की, फोटो काढतो," शिवराज म्हणाला. मामांनी चिमूटभर माती बोटावर चोळली. "धुऊन टाकलेली हाय," म्हणाले. झाला इतिहास.

संध्याकाळी लॉजवर सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांची पोत तुटली होती. काळे मणी मिळाले, नऊ सोन्याच्या मण्यांतला एक मात्र गेला होता. ते नऊ मणी मामांनी केर धुऊन, वर्षावर्षाला एकेक करून घडवलेले. दुसरं सोनं त्या बाईच्या अंगावर नाही. "त्या डोंगरावरच पडला बघ. पण त्यास्नी सांगू नगं," त्या म्हणाल्या. "लोकांचं हरवलेलं हुडकणाऱ्याच्या बायकूनं हे कुठल्या तोंडानं सांगावं?" पोत दोऱ्यानं बांधून त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः उपाशी झोपल्या.

सकाळी लॉजचा माणूस झाडायला आला, तर मामांनी त्याला दारातूनच परत धाडलं. स्वतः खोली झाडली, चादरी झटकल्या, मोरीतला गाळसुद्धा पिशवीत भरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं सोन्याच्या गावाला यायचं आणि लॉजचा केर घरी न्यायचा. रेल्वेत शेजारच्या बाईनं विचारलं, पिशवीत काय आहे? मी म्हटलं, म्हैसूरपाक.

घरी आल्या आल्या मामा परात घेऊन अंगणात बसले. "निघालं कोलारचं सोनं की आम्हालाही दाखवा हं," मी चहा गाळता गाळता म्हटलं. त्यांनी तीन पाणी केर धुतला. मग सासूबाईंना हाक मारली, "केरा, हितं ये."

तळहातावर मणी होता. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"मामा, तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? भाकरी वाढायला वाकली, तवा गळ्यात आठच दिसले." मग बायकोकडे बघून म्हणाले, "उपाशी झोपलीस तेवढ्यासाठी. मला म्हणायचं की."

मला इतकी लाज वाटली. त्या पिशवीला मी म्हैसूरपाक म्हणाले होते.