निळ्या झाकणाची बाटली

हुलिगेव्वा गुडीहाळच्या दवाखान्यात आया म्हणून लागली, तेव्हा छातीत गाठ घेऊन आलेल्या बाईला एकच उत्तर मिळायचं, रायचूरला जा. बाई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जायची. रायचूरला कोण जातंय, अन् घरी भाकऱ्या कोण थापतंय! मग कुणा भल्या लोकांनी स्वस्तातलं नवं सामान पाठवलं. फोनला जोडायचं सोनोग्राफीचं यंत्र आणि त्यावर बसणारा प्लॅस्टिकचा चिमटा. चिमट्यातून घातलेली सुई पडद्यावर दिसत दिसत नेमकी गाठीत जायची. नसीमा डॉक्टरीण खूश झाली. हुलिगेव्वा तर तो चिमटा देवाच्या भांड्यासारखा पुसून ठेवायची.

पण सुईनं काढलेला तुकडा तपासायला रायचूरलाच न्यावा लागायचा, आणि तो नेणार कोण, हे त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग तुकड्याची बाटली घरच्यांच्याच हातात द्यायची पद्धत पडली.

श्रावणात हुलिगेव्वाच्या धाकट्या बहिणीच्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली. हंपव्वा तिचं नाव, कालव्यापलीकडच्या गावात दिलेली.

"सुई लागली की गाठ खवळते म्हणतात, अक्का."

"कोण म्हणतं? तुझ्या गल्लीतल्या डॉक्टरणी?" हुलिगेव्वा म्हणाली. "अगं, सुई आत जाते, आतलं काढून आणते. झालं, सुटलीस तू."

तपासण्यापुरताच तुकडा निघतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण भ्यालेल्या बहिणीपुढे ते पुराण कोण लावणार? हंपव्वा तयार झाली आणि हिचा जीव भांड्यात पडला. सुई नीट लागली, तुकडा नीट निघाला. उद्याच्या उद्या रायचूरला द्या, असं डॉक्टरणीनं बजावलं. हंपव्वाची सासू तिम्मव्वा हो बाई, हो बाई म्हणाली आणि निळ्या झाकणाची ती बाटली तिनं पदराला बांधली.

पुढं कापसाचे दिवस आले. कुणाला कुणाकडे जायला सवड नाही. फोनवर हंपव्वा म्हणायची, "बरी आहे अक्का." रायचूरचं विचारलं की सासूचं नाव पुढं करायची, "अत्तीनं केलंय सगळं." तिकडून काही वाईट आलं असतं तर धावत आले असते, असं हुलिगेव्वा धरून चालली.

मार्गशीर्षात यळ्ळ अमावस्येच्या सणाला ती बहिणीकडे गेली, तर देवाच्या कोनाड्यात निळ्या झाकणाची बाटली. आत दिव्याचं तेल.

"ही इथं कशी, अव्वा?"

"चांगली बाटली, टाकवेना," तिम्मव्वा म्हणाली. "आतलं पाणी मेलं कसल्या वासाचं! दिलं ओतून."

"अन् तुकडा?"

"पुरला की. बांधावरच्या लिंबाखाली, हळदकुंकू लावून. नातवंडांच्या नाळाही तिथंच आहेत. रायचूरवाले कुठल्या गटारात टाकतील कुणास ठाऊक. आपल्या पोरीचं अंग ना ते?" ती समाधानानं हसली. "तूच म्हणालीस, निघालं, आता सुटली."

हुलिगेव्वा तशीच परसात गेली. हंपव्वा दगडावर बसली होती, पदर एका बाजूला घट्ट धरून. पदर काढायच्या आधीच वास आला.

"राहिलेली घाण बाहेर पडतेय," हंपव्वा म्हणाली. "अत्ती म्हणते, भरून येईल. दम तेवढा लागतो."

दुसऱ्या दिवशी हंपव्वाला दवाखान्यात आणलं, आणि हुलिगेव्वानं कुणी न सांगताच चिमटा आणि सुई मांडून ठेवली. नसीमा डॉक्टरीण यंत्र छातीवर फिरवत राहिली, पाठीवर फिरवत राहिली. मग तिनं तबकावर फडकं टाकलं.

"सुई राहू दे, हुलिगेव्वा. रोग पसरलाय, फुप्फुसाशी पाणी झालंय. आता तिचं दुखणं कमी करायचं, तेवढंच आपल्या हातात."

तिम्मव्वा बाहेर बाकावर बसली होती. हुलिगेव्वानं तिला सगळं सांगितलं. तो तुकडा कशासाठी होता, तेही आता सांगितलं.

"जागा ध्यानात आहे माझ्या," म्हातारी म्हणाली. "वर दगड ठेवलाय. आत्ता उकरून आणते, अन् रायचूरला चालत घेऊन जाते."

तिच्यावर ओरडायचं म्हणून हुलिगेव्वानं तोंड उघडलं, पण आठवले ते स्वतःचेच शब्द.

"नको, अव्वा. तिथं आता काही राहिलं नसेल."

तिम्मव्वा तरी उठली, आणि दवाखान्यात कुणाकडे खुरपं मिळेल का, म्हणून विचारत फिरू लागली.