आईवर गेलेले गाल

निलेशचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कारखान्याच्या गेटजवळ गाडी लावत होतो. "मामा, आय गेली," एवढंच तो बोलला. जमनाताई, माझी थोरली बहीण, न्यूमोनिया होऊन आठवडाभर दवाखान्यात होती. तिचा जुना आजार आटोक्यात ठेवणारी औषधं बाकीच्या आजारांशी लढायची ताकदही कमी करतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी ती सुटेल असंच मी धरून चाललो होतो. आदल्याच भेटीत माझ्या पोटाकडे बघून आता तरी भात कमी कर म्हणून तिने मला झापलं होतं... आणि मी खूश होऊन घरी आलो होतो, की चला, ताई पूर्वपदावर आली.

ताईचं सासर चिंचणीजवळच्या आमच्याच कोळीवाड्यात. मी नोकरीसाठी बोईसरला आलो, ती समुद्राजवळच राहिली. भावजी गेल्यावर तिने त्यांचा पूर्ण बाह्यांचा सदरा साडीवरून घालायला सुरुवात केली. गळ्याचं बटण लावलेलं, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. मे महिन्याच्या काहिलीतही अंगातून सदरा निघायचा नाही. नवऱ्यावर काय जीव होता, असं सगळा कोळीवाडा म्हणायचा. मीही चारचौघांत हे सांगताना गहिवरायचो. ताईने त्यावर कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

आमच्या घरात आणखी एका गोष्टीचं फार कौतुक, ते म्हणजे गालांचं. आई गोरी होती आणि तिच्या दोन्ही गालांवर, नाकावरूनही, लाली असायची. मी शाळेत असताना ती गेली. पाय सुजले, तोंड सुजलं. ऊन बाधलं, असं लोक म्हणाले. पुढे तसेच गाल ताईला आले आणि मग माझ्या मुलीला, प्रणालीला. बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांचे गाल उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने लाल होतातच, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. पोर माझ्या आईवर गेली, असं मी मोठ्या ऐटीत सांगत असे.

प्रणाली बारावीत असताना तिला सारखा ताप येऊ लागला. बोटांचे सांधे धरायचे, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. एका डॉक्टरने मलेरिया म्हटलं, दुसऱ्याने अशक्तपणा. मी कारखान्यांच्या धुराला शिव्या घालत होतो, बायको मोबाईलला. शेवटी नाताळच्या सुट्टीत हवापालट म्हणून तिला ताईकडे नेलं. सकाळी प्रणाली बायकांबरोबर बोंबील घालायला उभी राहिली. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टाकायचे, हे तिला लहानपणापासून आवडायचं. ताई पाटी घेऊन आली, पोरीचं उन्हातलं तोंड तिने पाहिलं आणि पाटी तिथेच टाकली. सगळ्यांसमोर अंगातला सदरा काढून पोरीला घातला आणि दंड धरून घरात ओढत नेलं. मी चिडून मागे धावलो. आत ती पोरीची बोटं दाबून बघत होती.

"हिला कदीपासून दुकते?" तिने विचारलं.

मग फळीवरचा एक डबा काढून तिने माझ्यापुढे उघडला. गोळ्यांनी भरलेला. आजाराचं नाव ल्युपस. शरीराचे रखवालदारच घरच्या माणसांना चोर समजून झोडपतात, तसा प्रकार. ऊन लागलं की भडकतो. सुकी मासळी विकायला मुंबईला जाते म्हणून सांगून ताई वर्षानुवर्षं तिथल्या दवाखान्यात जात होती. आणि भावजींचा तो सदरा उन्हासाठी होता... निलेशचं लग्न एडवणच्या सोनलशी ठरलं होतं. रक्तातलं दुखणं आहे म्हटल्यावर कोण मुलगी देणार, म्हणून तिची जीभ बांधलेली.

दुसऱ्या दिवशी पालघरच्या डॉक्टरांनी, घरात असा आजार कुणाला आहे का, हे विचारलं. माझ्या आधी ताई बोलली. "माला हाय. आमचे आयलापन तोच असंल." डॉक्टरांचा चेहरा बदलला. रक्त, लघवी, सगळं तपासायला पाठवलं. निदान तेच निघालं. मूत्रपिंडावर सूज यायला लागली होती, पण वेळ हातची गेलेली नव्हती. आणखी उशीर झाला असता तर काय, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

परतताना गाडीत ताई म्हणाली, आता एडवणला चल. लग्न होऊन जाऊ दे, मग सांग, असं मी तिला परोपरीने विनवलं.

"मी लपवलं, त्याचं काय झालं ते तुजे पोरीचे गालावर दिसते ना," ती म्हणाली. मी गाडी वळवली.

एडवणच्या लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि कळवतो म्हणाले. मग फोनच नाही. निलेश आईशी बोलेना. आपल्यालाही आजार होणार का, या विचाराने तो निम्मा झाला होता. ताई मात्र रोज प्रणालीला गोळ्या घेतल्या का म्हणून विचारायची, स्वतःच्या घराबद्दल चकार शब्द काढायची नाही. अखेर एके दिवशी सोनल स्वतःच निलेशला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेली. आमच्या मुलांना हे होईल का, असं तिने सरळ विचारलं. डॉक्टर म्हणाले, आईबापांकडून आजार जसाच्या तसा येत नाही, त्याचा कल येऊ शकतो. पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, वर ऊन, एखादा ताप असं काही निमित्त लागतं. बहुतेक नातेवाइकांना काही होत नाही, पण हमी कुणीच देणार नाही. सोनलने घरी जाऊन विचार केला आणि होकार कळवला. त्या दिवशी ताई पहिल्यांदा रडली.

ताईचं दहावं झालं त्या दिवशी तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं जात होतं. शेजारच्या भीमाआजी म्हणाल्या, सदरापण त्यातच टाका, नवऱ्याची आठवण व्हती तिची. आता घरची सून झालेल्या सोनलने तो गाठोड्यातून बाहेर ओढला.

"ह्यो प्रणालीचा हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तिला उनाचा आजार हाय. माजे सासूला व्हता तोच."

दोघीतिघी बायका मागे सरकल्या. मी मान खाली घातली, कोळीवाड्यात आम्ही अजून हे कुणाला सांगितलं नव्हतं. भीमाआजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. सदऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "माजे नातीचे गालपन असेच हायत गो... तिचे बी सांदे दुकतात."

प्रणालीने सोनलच्या हातातून सदरा घेतला, अंगात घातला, गळ्याचं बटण लावलं आणि आजींचा हात धरून त्यांच्या घराकडे निघाली.