बसा, पण पाहू नोका

कुणीही दारात आलं की काकू आधी खुर्ची पुसायच्या. पदराचं टोक मुठीत धरून आधी बसायची जागा, मग पाठ, मग दोन्ही हात. पुसून झालं की म्हणायच्या, "बसा, पण इकडेतिकडे पाहू नोका."

असं म्हटलं की माणूस नेमकं इकडेतिकडेच पाहतं. आणि पाहिलं तर काय दिसायचं? घासून लख्ख केलेले डबे, उतरत्या क्रमाने लावलेले. शेणाने सारवलेली जमीन. पण त्या सगळ्यावर, सकाळी पुसलं असलं तरी, दुपारपर्यंत काळसर साय धरायची.

आमचं गाव वणी भागात, कोळशाच्या उघड्या खाणीला लागून. खाणीतून भरलेले ट्रक गावाच्या कडेने जातात. काकूंचं घर त्या रस्त्यावर पहिलं, आणि समोर माझी अंगणवाडी. मी तिथली सेविका. लसीकरण, वजनं, खिचडीचं सामान, सगळ्याची यादी करायची आणि काम झालं की रेघ मारायची, हा माझा स्वभाव. काकूंचा स्वभाव पुसायचा. आमचं जमायचं.

धुळीची त्यांना चीड नव्हती, लाज होती. चुलीपुढे बसून मला विचारायच्या, "बाई, लोक काय म्हनत असतीन? हे बाई आंग धुते का नाही?" मी म्हणायचे, "काकू, धूळ खाणीची आहे." त्या म्हणायच्या, "खान बाहेर हाय. घर माहं हाय."

दुपारी खाणीत सुरुंग लावण्याआधी भोंगा वाजायचा. भोंगा ऐकला की काकू धावत डब्यांच्या फळीपाशी जायच्या आणि दोन्ही हात पसरून फळी धरायच्या, जत्रेत लेकराला धरावं तशी. मी चहा पीत असले तर तिथूनच ओरडायच्या, "कप धरा वो बाई, कप धरा!" मग जमीन हलायची, पत्रे खडखडायचे. सगळं शांत झालं की त्या फळी सोडायच्या आणि डब्यांकडे पाहून म्हणायच्या, "राह्यले बापा जागेवर." लगेच पदर मुठीत यायचा, कारण छताची धूळ खाली उतरलेली असायची.

गावाने खाणीच्या ऑफिसात अर्ज केला होता. मागणी मोठी नव्हती. रस्त्यावर रोज टँकरने पाणी मारा आणि ट्रकांवर ताडपत्री टाका, एवढीच. पोरं खोकत होती, आणि वजनाच्या दिवशी मला ते ऐकू यायचं. शेवटी निरोप आला की धूळ आहे की नाही हे पाहायला साहेब स्वतः येणार.

आता आम्ही काय केलं ते ऐका. सरपंचांनी लाउडस्पीकरवरून पुकारा केला, "उद्या साहेब येणार." मी यादी केली. शाळेतून खुर्च्या, मांडव, चहा, सरबत. आणि सवयीने पुढे लिहिलं : रस्ता झाडणे, पाणी मारणे, रांगोळी. पाहुणा यायचा म्हटल्यावर आमच्याकडे बाईच्या हाताला दुसरं काही सुचतच नाही. पहाटेपासून गल्लीभर खराट्यांचा आवाज. सडे पडले. कुणी तर तुळशीची पानंसुद्धा धुतली. काकूंनी आपलं अंगण सारवून शेजारणीचंही सारवलं. "तिची सून माहेरी हाय, लोक गावाले नावं ठेवतीन."

साहेब आले. भला माणूस होता. त्या दिवशी खाणीचा भोंगा वाजला नाही, ट्रकही फारसे गेले नाहीत. ते सबंध गल्ली फिरले आणि म्हणाले, "गाव फार छान ठेवलंय तुम्ही." आम्ही बाया लाजलो. खरंच लाजलो, पदर तोंडाशी धरून. काकू तर आठवडाभर त्या एका वाक्यावर जगल्या.

मग कागद आला. पाहणीत धूळ आढळली नाही.

चावडीवर पुरुषांनी बायांना धुतलं. "धूळ दाखवाची होती, बयांनो, मंगळागौर नोती!" काकूंचा नवरा, जो घरात कधी बोलत नसे, तोही बोलला, "आता घे. बस पुसत." यादी माझी होती, पण लोकांच्या तोंडी नाव काकूंचं, कारण सगळ्यात चकचकीत घर त्यांचं. मी मध्ये पडून सांगितलं की झाडायला मीच लावलं. पुरुष हसून म्हणाले, "बाई, तुम्ही त नोकरीवाल्या. तुमाले यादीच लागते."

पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. साहेब पुन्हा येणार ठरलं, तेव्हा गावाने ठराव केला : ते येईपर्यंत कुणी झाडू हातात घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी काकू खराटा, केरसुणी आणि फडकी घेऊन अंगणवाडीत आल्या. "हे तुमच्याजवळ ठेवा बाई. माह्या हाताचा भरोसा नाही." मी ते पोषण आहाराच्या कपाटात कुलूपबंद केलं. दोघी खूप हसलो.

पुढचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. काकू घरात बसत नव्हत्या. अंगणवाडीच्या पायरीवर, आपल्याच घराकडे पाठ करून बसायच्या. कुणी येताना दिसलं की उठून दार ओढून घ्यायच्या. लेकीचा घाटंजीहून फोन आला, येते म्हणून. काकूंनी तिला सांगितलं, "नोको येऊ. गावात ताप चालू हाय." फोन ठेवल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "खोटं बोल्ली मी लेकीसंग."

साहेब आले आणि पहिलंच घर म्हणून काकूंच्या दारात थांबले. मागे सरपंच, पुरुषमंडळी, मी. आत डबे ओळखू येत नव्हते. साहेबांनी घाम पुसला आणि सहज विचारलं, "बसू का जरा?"

झालं. काकूंचा हात आपोआप चालला. पदर मुठीत, आधी बसायची जागा, मग पाठ, मग दोन्ही हात. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. सबंध काळ्या घरात तेवढी एक खुर्ची स्वच्छ झाली, हिरवी दिसू लागली.

काकूंनी पदराकडे पाहिलं. नेसलेलं पातळ पिवळं होतं, पदर काळाकुट्ट झाला होता. त्या तो पाठीमागे लपवू लागल्या. मग थांबल्या. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी पदर दोन्ही हातांनी धरला आणि साहेबांच्या समोर उघडा केला.

"पाहा साहेब," त्या म्हणाल्या. "आता पाहाच."

कुणीच पाहिलं नाही. साहेबांनी मान खाली घातली, सरपंचांनी चपलेकडे पाहिलं, मी दाराच्या कडीकडे. आयुष्यभर "पाहू नोका" म्हणणारी बाई "पाहा" म्हणत उभी होती आणि आमच्यात डोळे वर करायची हिंमत नव्हती. साहेब बसले नाहीत.

टँकर सुरू झाला. सकाळी एकदा, दुपारी एकदा. पोरं त्याच्यामागे धावत भिजायची. मी खराटा परत दिला, तो काकूंनी कोपऱ्यात ठेवला. त्यानंतर मी गेले की "बसा" म्हणायच्या, एवढंच. खुर्ची पुसायच्या नाहीत. पावसाळ्याआधी त्यांचा दमा वाढला आणि लेक त्यांना घाटंजीला घेऊन गेली.

पावसाळ्यात टँकर थांबला, ते ठीकच. पावसाळ्यानंतर तो पुन्हा आलाच नाही. आम्ही विचारलं. उद्या, परवा, गाडी बिघडली. काकूंचा फोन यायचा, "पानी पडते ना वो आपल्या गल्लीत?" मी म्हणायचे, "पडते, काकू." शेजारणीही तेच सांगायच्या. कुणी ठरवलं नव्हतं. ज्या पाण्यासाठी त्यांनी पदर दाखवला, ते बंद झालं हे त्यांना सांगायला आमच्यापैकी एकीचीही जीभ उचलत नव्हती.

संक्रांतीनंतर काकू हळदीकुंकवाला एक दिवस येणार म्हणाल्या. पहाटे उठून आम्ही बायांनी गल्ली झाडली. विहिरीवरून बादल्या आणून पार वळणापर्यंत रस्ता भिजवला. या वेळी मी यादी केली नव्हती, तरी काही राहिलं नाही. त्यांचं घर उघडून डबे पुसले. हिरवी खुर्ची धुऊन ओसरीवर ठेवली.

काकू लेकीचा हात धरून आल्या. थकल्या होत्या. ओल्या रस्त्यावरून हळूहळू चालत, दोन्ही बाजूंच्या सड्याकडे, रांगोळीकडे पाहत. खुर्चीपाशी थांबल्या, तिच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेलं. स्वच्छ होतं.

मग आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "आज कोन साहेब येऊन राह्यला, बाई?"

दुपारच्या एसटीने त्या परत गेल्या. त्यानंतर त्यांचा फोन येतो, पण पाण्याचं त्या विचारत नाहीत.