दहा मिनिटांचं काम

"दहा मिनिटांचं काम, वहिनी!" असं म्हणून आमचे शेजारी त्यांच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दोनदा थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग पुढचा दीड तास घरघर चालायची. दहा मिनिटांत त्यांचं कुठलंच काम कधी झालं नाही, आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती. तुमच्याही शेजारी असेल बघा असा एखादा माणूस, जो मदत करतो आणि आभार मानले की चिडतो.

एडिनबराबाहेरच्या त्या चढावर आमची दोनच मराठी घरं, आणि दोन्ही घरांना मिळून एकच लांबलचक ड्राइव्हवे. आमचे हे आणि ते एकाच हॉस्पिटलात होते. हे हाडं जोडायचे, ते भूल द्यायचे. रिटायर झाल्यावर लोक कुत्रं पाळतात, त्यांनी ट्रॅक्टर पाळला. छोटासा, केशरी, सेकंडहँड, पुढे बर्फ ढकलायचं लोखंडी पातं. त्यांची बायको म्हणायची, "माझ्यापेक्षा त्याची तब्येत जास्त विचारतात." ती गेली, मुलगी लग्न होऊन नॉटिंगहॅमला, मग खरोखर तेवढाच उरला त्यांना विचारपूस करायला.

दोन हजार नऊचा हिवाळा आला तेव्हा ह्यांचं डायलिसिस सुरू झालेलं होतं. आठवड्यातून तीन दिवस, अकरा वाजता हॉस्पिटलची गाडी न्यायला यायची. कौन्सिलवाले खालचा मोठा रस्ता साफ करत, आमचा चढ आमच्यावर. बर्फ हटला नाही तर गाडी वर येणार नाही, आणि ह्यांना तर दोन पायऱ्या उतरतानाही धाप लागायची. म्हणजे सगळी भिस्त त्या केशरी डबड्यावर.

त्याआधी, ऑक्टोबरात, ते माझ्याकडे जुनी साडी मागायला आले होते. "रंग भडक पाहिजे. तुमच्या त्या सोबर सोबर नकोत." मी एक राणी कलरची नायलॉनची दिली, कुणीतरी आहेरात दिलेली, नेसायचा धीर न झालेली. त्यांनी तिच्या पट्ट्या फाडल्या आणि ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना बांबूच्या काठ्या रोवून त्यांना बांधल्या. "बर्फात कड कळायला हवी ना!" मला वाटलं, केवढा व्यवस्थित माणूस!

बर्फ सुरू झाला तो थांबेचना. सकाळी काढावा, संध्याकाळी तेवढाच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची टपालाची पेटी खांबासकट आडवी केली. म्हणाले, "वाकडीच होती ती." मी पेटी उचलून दारात ठेवली. गाडी तर त्यांनी उन्हाळ्यातच विकली होती, "एकट्याला कशाला हवी?" म्हणून. तेव्हाही मी काही जोडून पाहिलं नाही. माणूस स्वतःच्या थकव्यात असला की दुसऱ्याचं काही दिसत नाही.

मग एका सकाळी पोस्टवाली चढ चढून येत होती. लाल जॅकेट, भरदिवसा, ड्राइव्हवेच्या अगदी मधोमध. ट्रॅक्टर सरळ तिच्यावर. ती ओरडली, मी खिडकीतून ओरडले, शेवटी तिने बाजूच्या ढिगात उडी मारली तेव्हा ते थांबले. तिच्यात आणि पात्यात हातभर अंतर होतं.

ते आमच्या किचनमध्ये येऊन बसले.

"मधलं दिसत नाही हो, वहिनी. नजर टाकीन तिथे धुकं. कडेचं तेवढं दिसतं."

"कधीपासून?"

"वर्ष झालं." मग हळूच, "ह्याला सांगू नका. बंद करा म्हणेल. आणि परवा त्याला न्यायला गाडी येणार."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? बंद करा म्हणावं तर ह्यांचं डायलिसिस चुकतं. चालू द्या म्हणावं तर पुढच्या वेळी हातभर अंतर राहीलच असं नाही. दोन दिवस गावात फोन केले. ट्रॅक्टरवाले सगळे शेतांत अडकलेले.

परवाच्या सकाळी मी ह्यांचं जाड जाकीट चढवलं, साडीची उरलेली पट्टी दंडाला बांधली आणि बाहेर गेले. "मी पुढे चालते. मधलं मी बघते. हात वर केला की थांबायचं."

"पण मध्ये चालू नका," ते म्हणाले. "मध्ये आलात तर मला तुम्ही नाहीच."

अशी आमची वरात निघायची. कडेकडेनं राणी कलरची पट्टी बांधलेली मी, आणि मागून माझ्या चालीनं ट्रॅक्टर. आठवड्याला तीन सकाळी, फेब्रुवारीपर्यंत. माझे गुडघे रात्री बोलायचे. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. तरी रोज थाप दोनदाच, आणि वाक्य तेच.

ह्यांनी एकदा विचारलं, "तू त्याच्यापुढे कशाला चालतेस?"

"व्यायाम."

"हं. तीस वर्षं पेशंटच्या डोळ्यांत बघून भूल देणारा माणूस तो. हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो." मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून."

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ते किल्ली घेऊन आले. माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. "मी मागितली तरी देऊ नका." त्यांनी मागितली नाही. मे महिन्यात मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. ट्रॅक्टर शेडमध्येच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात मी आधीच एक माणूस ठरवून ठेवला होता. मोठं मशीन, वर दिवे. पहिला बर्फ पडला तसा तो आला, वर गेला, खाली आला. मी घड्याळ पाहिलं. बरोबर दहा मिनिटं. जाताना विचारलंन, ह्या चिंध्या उपटून टाकू का? म्हटलं, राहू देत.

संध्याकाळी नॉटिंगहॅमहून फोन. "काय वहिनी, आला होता का तुमचा माणूस? किती वेळ लागला त्याला?"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. चढ स्वच्छ होता, आणि दोन्ही कडांना राणी रंग फडफडत होता.

"दीड तास," मी म्हटलं.

"हात्तिच्या!" ते केवढे खूश झाले. "दहा मिनिटांचं काम, वहिनी!"