ज्याचं मुंडकं, त्यानं माग काढायचा

रानडुकराचं एक मुंडकं मी शिजवलं, आणि त्यापायी मला साडेचार महिने माहेरी बसावं लागलं. लोकांनी तेव्हा मला उद्धट म्हटलं, माहेरचा माज म्हटलं, पोरीचं डोकं फिरलंय असंही म्हटलं. म्हणोत बापडे. आज तीच वेळ आली तर मी पुन्हा शिजवीन. फक्त मीठ बेतानं घालीन, कारण तेव्हा रागाच्या भरात जरा जास्तच पडलं होतं.

माझं माहेर आजऱ्याच्या पुढचं, डोंगराला लागून असलेलं भाताचं गाव. सासर कोल्हापुरात. सासरे वकील, त्यांना मी मामंजी म्हणायची. कोर्टात त्यांचा दबदबा होता आणि घरात तर विचारूच नका. दिवाणखान्यात भिंतीवर सांबरांची दोन मुंडकी, खाली बिबट्याचं कातडं. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं काम मला मिळालं ते सांबरांचे काचेचे डोळे ओल्या फडक्यानं पुसायचं. दर शनिवारी स्टुलावर चढून मी ते पुसत असे. एकदा मी सहज विचारलं, "मामंजी, यांचं मटण कुणी खाल्लं?" ते हसले. म्हणाले, "कुणास ठाऊक. तिथंच टाकून आलो असू."

ते उत्तर मला काही पचलं नाही. माझ्या माहेरी शिकार होत होती, पण टाकून यायची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

आमच्याकडं शिमग्याच्या आधी गावाची पारध निघायची. डुकरं भाताची नासाडी करायची, नाचणी लोळवायची, रताळ्याचं रान एका रात्रीत उकरून टाकायची. म्हणून घरटी एक माणूस पारधीला जायचा. कुणी पत्र्याचे डबे बडवत हाकारा घालायचं, चारदोन बंदुकवाले वाटा अडवून बसायचे. जे पडेल त्याचे गावात जेवढी घरं तेवढे वाटे. ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घरालाही वाटा. कुत्र्यांनासुद्धा त्यांचा. मुंडकं मात्र ज्याची पहिली गोळी त्याचं. तो मान होता. पण त्या मानाला जोडून एक काम होतं. जनावर जखमी होऊन पळालं, तर पहिल्या गोळीवाल्यानं त्याचा माग काढायचा आणि त्याला संपवूनच परत यायचं. मग अंगात ताप असो की घरी लग्न असो. माझे वडील एकदा असे गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, उपाशी. डुक्कर सापडलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही.

आम्ही कुणी संत नव्हतो, हेही सांगते. फाशात अडकलेला ससा सकाळपर्यंत तडफडत असायचा, आणि आम्ही पोरं तो बघायला पळत जायचो. एकदा एका सशाच्या पोटात पिल्लं निघाली. आई मसाला वाटता वाटता थांबली, मग पुन्हा वाटायला लागली, आणि आम्ही सगळ्यांनी जेवण केलं. भुकेनं मरत होतो असं मी म्हणणार नाही. चव होती. पण मारलं ते खाल्लं, आणि खाल्लं ते वाटून खाल्लं. एवढं तरी आमच्याजवळ होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, यंदा तुमच्या गावच्या पारधीला येतो." साठ-सत्तरच्या मधलं हे कुठलं तरी वर्ष. जंगलाचे कायदे तेव्हा आजच्यासारखे नव्हते. जीप निघाली. मामंजी, त्यांचे दोन मित्र, दुनळी बंदूक, थर्मास आणि स्वयंपाकाला मी. नवरा हायस्कुलात मास्तर, त्याला रजा नव्हती. माहेरी जायला मिळतंय म्हणून मी खुशीत होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी सोप्यात बसून वडिलांनी मामंजींना रीत सांगितली. मी उंबऱ्यात उभी होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

"पावणं, आमच्यात पयल्या गोळीचं मुंडकं असतंय."

"वा, झकास," मामंजी म्हणाले.

"आणि जनावर जखमी हून गेलं तर माग त्यानंच काढायचा."

"बरोबर आहे. असंच पाहिजे."

वकील माणूस. शब्दाला काय किंमत असते हे त्यांना मी शिकवायला नको होतं.

सकाळी हाकारा सुरू झाला. मी ओढ्याकाठी जेवण घेऊन बसले होते. दहाच्या सुमाराला वरून एक बार ऐकू आला आणि मग ओरडा. मोठा नर होता, एकटा फिरणारा. मामंजींची गोळी त्याच्या पोटात लागली आणि तो तसाच करवंदीच्या जाळीत घुसला. मामंजी माग काढत गेले, पण फार नाही. चढ उभा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि मित्र दमलेले. थोड्या वेळानं तिघंही ओढ्यावर आले. "रक्त बरंच सांडलंय," मामंजी म्हणाले. "पडेल तिथंच कुठंतरी. जेवून घेऊ, मग बघू."

माझा थोरला भाऊ हाकाऱ्यात होता. तो त्यांच्या मागोमाग खाली आला आणि उभाच राहिला. "पावणं, जखमी जनावर सोडून जेवाय बसत न्हाईत आमच्यात."

"अरे, जाऊ की. दोन घास खाऊन जाऊ."

"खालच्या वाटंनं बाया लाकडाला येत्यात. त्यास्नी आडवं आलं म्हंजे?"

मामंजींनी ताटाकडं बघितलं. एक मित्र म्हणाला, पोरगा हुशार आहे हो तुमच्या सूनबाईंचा भाऊ. दुसरा हसला. भावानं कुऱ्हाड उचलली, दोन कुत्र्यांना शीळ घातली आणि वर गेला. वडील डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि मी मामंजींना दुसऱ्यांदा भात वाढला. ते मला आजही आठवतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पदर सावरून मी वाढत राहिले.

तासाभरानं कुत्र्यांचा कालवा ऐकू आला. माणसं धावली. डुक्कर जाळीतून सरळ भावाच्या अंगावर आलं होतं. गुडघ्याच्या वरपासून खालपर्यंत त्यानं उजवा पाय सुळ्यानं फाडला. तशा स्थितीत भावानं त्याच्या मानेत कुऱ्हाड घातली होती. घोंगड्याच्या झोळीतून त्याला खाली आणलं तेव्हा तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "आईला सांगू नगंस."

मामंजींनी जीप दिली, स्वतः बरोबर गेले, हे मी नाकारत नाही. आजऱ्याच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण आतली शीर तुटलीय, पहिल्यासारखा चालणार नाही. भाऊ सव्वीस वर्षांचा होता. नांगरापासून लावणीपर्यंत सगळी शेती त्याच्या अंगावर होती.

संध्याकाळी देवळापुढं वाटे पडले. मुंडकं तेवढं आमच्या घरामागच्या परड्यात आंब्याच्या फांदीला टांगून ठेवलं, कारण ते कुणाचं हे कुणी बोलायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मामंजींनी ते बोलून दाखवलं. "मुंडक्याला मीठ लावून गोणपाटात बांधून ठेवा. कोल्हापुरात भुसा भरणारा आहे माझ्या ओळखीचा. सुळे झकास आहेत."

वडिलांनी मान खाली घातली. मुलीचे सासरे. बोलणार काय?

मी बोलले. सासऱ्यांपुढं तोवर मी "हो" आणि "नाही" याच्या पलीकडं बोलले नव्हते. "मामंजी, ते तुमचं नाही."

"पहिली गोळी माझी होती, सूनबाई. ही तुमच्याच गावची रीत."

"रीत पुरी होती. माग काढायचा म्हणून तुम्ही कबूल केलं होतं. अर्धी रीत घेता येत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही मला शिकवणार?" म्हणाले, आणि उठून जीपकडं गेले. भावाला दवाखान्यातून आणायचं होतं. जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "आम्ही येईपर्यंत बांधून ठेवा."

जीप वळणाआड गेली आणि मी कुऱ्हाड शोधली. आई म्हणाली, "बाय गं, तुझा संसार हाय." मी म्हटलं, "आणि त्याचा पाय हाय." मग ती आत गेली आणि चटणीचा डबा घेऊन बाहेर आली. आमच्याकडं डुकराचं मटण घरातल्या चुलीवर चढत नसे. परड्यात तीन दगडांची चूल मांडली. मुंडकं जाळावर धरून केस भाजले, विळ्यानं खरवडलं, आईनं धरलं आणि मी कुऱ्हाडीनं फोडलं. सुळे निघाले ते कुत्र्यांपुढं टाकले. मोठ्या पातेल्यात चटणी, मीठ आणि पाणी घालून शिजायला ठेवलं आणि जाळापुढं बसून राहिले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण मी लाकडं सारत राहिले.

दुपारी जीप आली. भावाला उचलून सोप्यात निजवलं. मामंजी परड्याच्या दारात आले आणि गोणपाट बांधलेलं कुठं दिसेना म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पातेल्यावरचं झाकण काढलं.

मी ताट वाढलं, त्यांच्या अंगावरून सोप्यात गेले आणि भावापुढं ठेवलं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "खा. तुझं हाय." त्यानं तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला. मामंजी सगळं बघत होते.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तुम्ही इथंच राहा. बोलावणं पाठवीन तेव्हा या." आणि जीप माझ्यावाचून गेली.

नवऱ्याची कार्डं यायची. दर आठवड्याला एक, आणि सगळ्यांत तेच. मामंजींना दोन ओळी लिही, चूक झाली म्हण, मी येऊन घेऊन जातो. मी उत्तरात पाऊसपाणी लिहायची, भावाचा पाय लिहायची. दोन ओळी लिहिल्या नाहीत. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "पोरी, किती दिस ऱ्हानार?" शेजारची म्हातारी तर तोंडावर म्हणाली, डुकराच्या तोंडापायी नांदणं घालवलंस की. रात्री मला रडू यायचं. नवरा वाईट नव्हता, मला त्याची आठवण यायची, माझा कोल्हापुरातला चांगला चाललेला संसार मला हवा होता. पण चूक झाली असं लिहायला बसले की डोळ्यांपुढं भावाचा पाय यायचा, आणि कार्ड कोरंच राहायचं.

आता नात्यातली शिकलेली पोरं मला विचारतात, आजी, डुकराला काय फरक पडतो, कुणी खाल्लं की भिंतीला लावलं? काहीच पडत नाही, बरोबर आहे तुमचं. डुक्कर मेलं ते मेलं. पण गंमत म्हणून मारायचं, जेवण थंड होईल म्हणून अर्धमेलं सोडायचं, आणि मग त्याच्या तोंडाखाली आपलं नाव लावायचं, याला धाडस म्हणतात असं मला कुणी सांगू नये. त्या डुकरानं निदान समोरून अंगावर येऊन मारलं.

आषाढात लावणी सुरू झाली. सगळं घर चिखलात. भाऊ तेवढा बांधावर डोईला इरलं घेऊन बसलेला. चिखलात त्याचा पाय उभा राहत नव्हता, म्हणून तो रोपाच्या पेंढ्या बांधून देत होता. ते आमच्याकडं बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम. एका दुपारी बांधावरून विजारीच्या घड्या घालून, छत्री सांभाळत कुणीतरी येताना दिसलं. मामंजी होते. एकटेच.

ते भावाजवळ थांबले. त्याच्या पायाकडं बघितलं, हातातल्या पेंढीकडं बघितलं. मग ओल्या बांधावर त्याच्या शेजारी बसले. आम्ही सगळे वाकलेले तसेच थांबलो.

"त्या दिवशी माग काढायला मी यायला हवं होतं," ते म्हणाले.

भाऊ लगेच म्हणाला, "असूं दे पावणं. व्हायचं ते झालं." तो तसाच आहे, अजूनही.

मग मामंजींनी माझ्याकडं बघितलं. वडिलांनी बघितलं. आईनं डोळ्यांनी खूण केली. मोठ्या माणसानं एवढं म्हटल्यावर सुनेनं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक होतं. जाऊ दे मामंजी, तुमची काय चूक.

"व्हय," मी म्हटलं. "तुमी यायलाच पाहिजे होतं."

आईनं तोंडाला पदर लावला. मामंजींनी मान हलवली, एकदाच. मग म्हणाले, "जीप रस्त्यावर आहे. निघू या?"

"हा वाफा पुरा झाल्यावर," मी म्हटलं.

वाफा मोठा होता. ते छत्री धरून बांधावर बसून राहिले, आणि मी एकेक रोप सावकाश लावत गेले.