डोळे आखणारी सगुणा

वीसेक वर्षांपूर्वी सगुणा आमच्या पेणमध्ये गणपतींचे डोळे आखायची. वडखळजवळच्या मिठागरावर राबणाऱ्या हौसाची ही सोळा वर्षांची मुलगी. आमच्या मागेच केरूमामांचा मूर्तींचा कारखाना, तिथे ती कामाला होती. आखणी म्हणजे सगळ्यांत नाजूक काम, ते मामा मुलींना देत नसत. पाळीच्या दिवसांत मूर्तीला हात लावायचा नाही, आणि ऐन घाईत आखणारा हात घरी बसून कसं चालेल? सगुणाची पाळी मात्र सात-आठ महिन्यांतून एखादी. म्हणून ब्रश तिला मिळाला. मामा कौतुकाने म्हणायचे, "आमची सगुणा बारमाही!"

तिच्या हनुवटीवर राठ केस येत. ती ओढणी बांधून बसायची. शेजारी रंग देणारी रंभा चिडवायची, "काय गो, भावाचा वस्तरा कुठं लपवलास?" सगुणाही हसायची. एकदा वस्तऱ्याने हनुवटी कापलेली दिसली, तेव्हा मी मायलेकींना अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पुरुषी हार्मोन बाईच्या अंगातही थोडे असतात," बाईंनी समजावलं. "हिच्यात ते जास्त आहेत. म्हणून केस येतात, पाळी चुकते. हिचा यात काही दोष नाही. गोळ्यांनी पाळी लवकर नियमित होईल, पण केसांत फरक पडायला सहा महिने तरी लागतील. मध्येच सोडू नका. दुर्लक्ष केलंत तर पुढे साखरेचाही त्रास होऊ शकतो."

गोळ्या सुरू झाल्या, पाळी आली. सगुणाने आपणहून मामांच्या बायकोला सांगितलं आणि घरी बसली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, तेही श्रावणात, मूर्ती बाहेरगावी निघण्याच्या दिवसांत. ब्रश पुतण्याकडे, विठूकडे गेला. त्याचे गणपती तिरळे निघाले. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सगुणा, तू व्हतीस तशीच बरी व्हतीस गो."

हौसा माझ्या ओट्याशी येऊन बसली. "वैनी, माझे पाय मिठात कुजले. हिचे कोरडे ऱ्हायले ते ब्रशामुळं. केस काय, वस्तऱ्यानं जातात."

"अगं, सांगायचंच कशाला?" मी सगुणाला म्हटलं. "कुणाला कळणार आहे?"

ती दचकली. "काकी, देवाचे डोळे हायेत ते! खोटं कसं करू?"

तिने गोळ्या सोडल्या. पाळी थांबली, ब्रश परत मिळाला. केसांत फरक पडायचा होता तो पडलाच नाही, उलट ते गालांवर चढले. गणपतींचं विसर्जन झाल्यावर मी म्हटलं, "आता तरी सुरू कर गं. बाईंकडे मी येते."

"आता माघी गणपतींचं काम लागलंय, काकी," ती ओढणीची गाठ आवळत म्हणाली. "मग परदेशी जाणारे. मग पुन्हा भादव्याचे."

पेणला रिकामा महिना नसतोच. मामांची हाक आली, तशी ती गेली.