डावी बाजू बंद

आमच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर एकच आवाज वाजायचा आणि तो आमच्या सरांचा होता. हेडसेट कानाला लावून कॉम्प्युटरवर बटण दाबलं की सर डाव्या कानात म्हणायचे, "डावा." मग उजव्या कानात, "उजवा." त्यानंतर एक बारीक शिट्टी खालून वर चढत जायची आणि थांबायची. सरांनी हे सगळं लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातल्या भाड्याच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत, दाराला गादी लावून रेकॉर्ड केलं होतं. मी तेव्हा नुकतीच डिप्लोमा करून आले होते. वीसेक वर्षं मी ते दोन शब्द रोज शेकडो वेळा ऐकले.

माझे अब्बा लोणावळ्यात स्टेशनजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे बसून बसून मला बारीक आवाज वेगळे करायची सवय लागली होती. मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी दोन कॉम्प्युटरवर एकच सतार लावली आणि विचारलं, "कुठलं कार्ड खराब आहे?" मी म्हणाले, "दुसरं. पण ट्यूबलाइट बंद करून परत ऐकू द्या, तिचाही आवाज येतोय." सरांनी ट्यूबलाइट बंद केली, परत सतार लावली आणि मला नोकरीवर घेतलं.

त्या काळी कॉम्प्युटर मुकाच यायचा. आवाज हवा तर त्यात वेगळं साउंड कार्ड बसवावं लागायचं आणि ती कार्डं आम्ही करत होतो. पुण्याचे दुकानदार स्वतः गाडी घेऊन बंगल्यावर यायचे. मग चार-पाच वर्षांत कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डातच आवाजाची सोय यायला लागली. एका आठवड्यात आमची खोकी गेली तशी परत आली, काहींची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. व्हरांड्यात ती छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांच्यामधून वाट काढत मी कामाला जायचे. या कंपनीत मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. अकरा माणसांतली आम्ही चार उरलो. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "कार्ड संपलं. आता कानाला लावायचं काहीतरी करू."

अशी कंपनी हेडसेटमध्ये गेली. पुण्यातल्या कॉल सेंटरांना आमचा माल जायला लागला. आम्ही कार्ल्याला जुन्या हायवेच्या कडेला, भातखाचरांना लागून एक शेड घेतली. तिथे एक मावशी जोडणीच्या कामाला आल्या. त्या वडिवळ्याच्या वरच्या वाडीतल्या. शाळा चौथीपर्यंत, पण त्यांच्या हातचा सोल्डरिंगचा टाका मी कधी सुटलेला पाहिला नाही. मावशी जोडायच्या, मी ऐकायचे. बरीच वर्षं असं चाललं.

मग लॉकडाऊन आलं. सुरुवातीला सगळं बंद होतं. परवानगी मिळून शेड उघडली तेव्हा मागणी एकदम वेगळ्याच दिशेने आली. शाळा घरात शिरल्या होत्या आणि प्रत्येक घराला मुलांसाठी हेडसेट हवा होता. आम्ही आठ जण मास्क लावून लांब लांब बसायचो. त्याच घाईत एक सुटा भाग मिळेनासा झाला. हेडसेटच्या वायरवर एक छोटी डबी असते. त्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढा एक भाग असतो. आवाज अचानक वाढला तर तो त्याला एका मर्यादेवर अडवतो, कानापर्यंत जाऊ देत नाही. नेहमीच्या विक्रेत्याकडे तो नव्हता. त्याने दुसऱ्या बनावटीचा पाठवला, दिसायला हुबेहूब. सरांनी विचारलं, "चालेल का बघ." मी दहा हेडसेट कानाला लावून ऐकले, डावा, उजवा, शिट्टी, सगळं नीट. मी कागदावर सही केली. आवाज मुद्दाम वाढवून, मीटर लावून बघायला हवं होतं. ते मी केलं नाही.

एका शनिवारी त्याच मालातला एक हेडसेट मी कानाला लावला. डावीकडे आत सुई घुसावी तशी किंचाळी आली. मी तो ओरबाडून काढला आणि टेबल धरून बसले. दुपारपर्यंत कानाला दडे बसल्यासारखं झालं होतं आणि आत बारीक घूं चालू होती. होईल कमी, असं वाटलं. नापास मालाच्या ट्रेमध्ये तो टाकला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "शिट्टी मारतो." बस, एवढंच.

सोमवारी सकाळी पहिला हेडसेट लावला. सर म्हणाले, "उजवा." डावीकडे काहीच नाही. मी चिठ्ठी लावली, "डावी बाजू बंद." दुसरा घेतला, तोही तसाच. तिसराही. सात हेडसेट ओळीने नापास केले आणि मावशींना हाक मारणार होते की तुमच्या टाक्यांचं आज काय झालंय. तेवढ्यात मनात काहीतरी आलं. सातवा हेडसेट मी उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानावर. बटण दाबलं. उजव्या कानात सर स्वच्छ म्हणाले, "डावा." मग शांतता. मग शिट्टी.

लावलेल्या सातही चिठ्ठ्या मी एकेक करून सोलल्या आणि मुठीत चुरगाळून पर्समध्ये टाकल्या. घरी गेल्यावर अब्बांचं जुनं चावीचं घड्याळ काढलं, चावी दिली आणि डाव्या कानाला लावलं. बोटांना टिकटिक जाणवत होती. कानाला काही नाही. हायवेवर फारशी वाहनं नसल्यामुळे सगळीकडे इतकी शांतता होती की रविवारभर मला कळलंच नव्हतं की त्यातली अर्धी शांतता माझीच आहे.

मी कुणालाच सांगितलं नाही. सरांनी माझ्याकडून करून घेतलं ते सगळं या कानांच्या जोरावर. ते गेले तर मी शेडमध्ये कशासाठी, हा एकच विचार डोक्यात. प्रत्येक हेडसेट मी दोनदा लावायला लागले, एकदा सरळ आणि एकदा उलटा, दोन्ही बाजू उजव्या कानानेच. स्कूटीवर जाताना मागून हॉर्न वाजला की तो कुठल्या बाजूचा आहे ते कळायचं नाही. एकदा मी भलत्याच बाजूला वळले आणि भाजीचा टेम्पो हातभर अंतरावरून गेला. त्यानंतर बराच वेळ मी कार्ले फाट्याला स्कूटी लावून उभी होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"एकच माल दोन-दोनदा का लावतीस कानाला?"

"खात्री करून घेते, मावशी."

"मगाशी डावीकडनं तीन हाका मारल्या तुला. तुला आलं न्हाई ऐकू."

मी डबा बंद केला. त्या हलल्या नाहीत.

"सरांना सांग."

"सांगितलं तर कामावर ठेवतील का?"

"ते मला न्हाई म्हाईत. पन कान तुजा हाय. दडवून व्हईल का बरा?"

तरी मी सांगितलं नाही. सांगावं लागलं ते एका फोनमुळे. माणसं कमी होती म्हणून तक्रारीचे फोनही मीच घ्यायचे. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. त्यांची तिसरीतली मुलगी ऑनलाइन वर्गात बसली होती, वायर जरा हलली आणि तिने किंचाळून हेडसेट फेकला. दोन दिवस ती कान धरून बसत होती. "ती आता हेडसेटकडे बघितलं तरी रडते," बाई म्हणाल्या. "यात काय आहे ते मला सांगा."

मी त्यांना म्हटलं, मुलीला आजच कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि फोन ठेवला. मग नापास मालाच्या ट्रेमधून शनिवारचा हेडसेट शोधला आणि डबी उघडली. आत तोच दुसऱ्या बनावटीचा दाणा होता, आवाज न अडवणारा. माझ्या डोळ्यांसमोर सगळी घरं आली, सगळ्या मुली आणि मुलगे, मान खाली घालून वहीत लिहिणारे, दोन्ही कान झाकलेले. आणि तो कागद, माझ्या सहीचा.

सरांच्या केबिनमध्ये मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, सहीपासून कानापर्यंत. सर ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे करून माझ्या हातातला हेडसेट घेतला आणि सवयीने कानाकडे नेला. मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

"कानाला लावू नका."

त्यांनी तो टेबलावर ठेवला. आम्ही आवाज मोजायचं मीटर लावलं आणि सरांनी वायर डबीपाशी थोडी वाकवली. तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा मीटरचा काटा उजवीकडे जाऊन आपटला आणि हातभर लांबून, कानाला न लावताही, ती किंचाळी आम्हाला ऐकू आली. सरांनी मीटर बंद केलं.

"किती गेलेत बाहेर?"

"तीनशेच्या आसपास."

"यादी काढ." मग म्हणाले, "नाही. यादी मी काढतो. तू आधी डॉक्टरकडे जा."

तळेगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी सांगितलं, दहा दिवस. त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं झालं की पहिल्या एक-दोन दिवसांत यायचं असतं. आता गोळ्या देतो. पण फार आशा लावून बसू नका."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही फोन करत बसलो. "हेडसेट वापरताय का? मुलाला काही त्रास? आता वापरू नका, आम्ही बदलून देतो." बहुतेकांचं उत्तर नाही असं यायचं. एका घरी किंचाळी आली होती, पण आईने आवाज आधीच कमी ठेवलेला होता. पुण्याच्या त्या मुलीचा कान तपासून झाला. तो शाबूत होता. हे कळलं तेव्हा मी शेडच्या मागे जाऊन रडले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यादीत एकच नाव उरलं. वडिवळ्याच्या एका शिक्षिकेने गावातल्या मुलांसाठी दोन हेडसेट नेले होते. त्यांचा फोन लागतच नव्हता. "तितं रेंज न्हाई," मावशी म्हणाल्या. "शिकवायला त्या धरणाच्या अंगाला, टेकाडावर बसत्यात. चल, मी दावते."

चौथ्या दिवशी सकाळी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. कामशेत सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. डावीकडून काही आलं की मावशी माझ्या त्या खांद्यावर बोटाने टोचायच्या. त्या रस्त्याने मी स्कूटी तशीच चालवत गेले.

टेकाडावर एक पत्र्याचं छप्पर होतं. बाई दोन मुलांना पाढे लिहून देत होत्या. खांबाला टेकून सात-आठ वर्षांची एक मुलगी मांडीवर फोन घेऊन त्यात भरलेली गोष्ट ऐकत बसली होती, दोन्ही कानांवर आमचा निळा हेडसेट. मावशींनी तिला हाक मारली. तिने वर बघितलं नाही. मला माहीत होतं की कान झाकलेले आहेत म्हणून तिला ऐकू येत नाही. वायर तिच्या बोटांत होती आणि मुलगी ती गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

धावले तर ती दचकेल आणि वायर ओढली जाईल, म्हणून मी चालत गेले. समोर बसले. तिचा हात धरून बोटांतली वायर आधी सोडवली आणि मग दोन्ही हातांनी हेडसेट डोक्यावरून उचलला.

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझी गोष्ट संपली न्हाई अजून."

"नवीन देते तुला. आणलाय."

"त्यात हीच गोष्ट येईल का?"

"हो, हीच."

दुसरा हेडसेट बाईंच्या पिशवीत होता. दोन्ही घेतले, चांगले दिले. परत आल्यावर स्कूटीवरून उतरताना मावशी म्हणाल्या, "ती माज्या जावंच्या नातीची मैतरीन. तितं सांगितलं न्हाई तुला. आधीच घाबरली हुतीस तू."

माझा डावा कान परत आला नाही. गोळ्या संपल्या, घूं तेवढी राहिली. सरांनी मला काढलं नाही. तपासणीच्या टेबलावर आता मीटर बसवलेलं यंत्र आहे, रबराचे दोन कान असलेलं. आधी त्या कानांना, मगच माणसाच्या, असा नियम मी लिहिला आणि सरांनी सही केली. कंपनी अजून चालू आहे. आम्ही आता मोठे, महागडे हेडसेट करत नाही, साधे आणि मुलांचेच करतो. माझ्या हाताखाली दोन मुली शिकतात आणि त्यांच्या कानांवर माझं लक्ष असतं. त्यांना त्याचा कंटाळा येतो, ते मला दिसतं.

दर सहा महिन्यांनी मी उजवा कान तपासायला जाते. काचेच्या खोलीत बसवतात, दार लावतात आणि सांगतात की आवाज आला की बटण दाबा. मागच्या वेळी बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडच्या मुलीने आवाज सोडलाच नाही की मला ऐकू येत नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या हातांकडे बघायचा प्रयत्न केला. तिने मान हलवून खूण केली, डोळे मिटा. मी मिटले. तळहाताला घाम सुटला होता, बटण निसटत होतं. मग खूप लांबून, भाताच्या शेतापलीकडून यावा तसा एक बारीक टीं आला. मी बटण दाबलं आणि पुढच्याची वाट बघत बसले.